काविळीची पत्रिका

बाईमाणसाचं पाऊल पडलं की तालमीची माती बाटते, असं मालनआत्याच्या लहानपणी अख्खं बोरबन मानायचं. तिचे वडील, आबा, तिथले वस्ताद. त्यांचा डबा घेऊन ती रोज उंबऱ्यापर्यंत जाई, डबा बाहेर ठेवी आणि मागच्या झरोक्याखाली दगडावर दगड रचून आत डोकावे. आतल्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर कालवलेला असे. त्या वासात तिचं बालपण गेलं. घिस्सा, ढाक, एकलंगी, सगळे डाव तिनं डोळ्यांनी शिकून घेतले आणि आयुष्यात कधी कुणावर टाकले नाहीत.

पुढं वडील गेले, पोरं जिमकडं वळली, तालमीला कुलूप लागलं. केस पिकल्यावर मालनआत्यानं ते कुलूप काढलं आणि मुलींची तालीम सुरू केली. गाव पोट धरून हसलं. मग पोरी पदकं आणायला लागल्या, तेव्हा तेच गाव वेशीवर फलक लावायला पुढं.

त्या पोरींत दोघी म्हणजे तालमीचे दोन डोळे. एक केतकी खोत. तिच्या बापाचे, भूपाल खोतांचे, चार विजेवरचे टेम्पो होते आणि लेकीच्या खुराकात त्यानं कधी हात आखडला नाही. दुसरी नफिसा मुलाणी. तिची आई जरिना बसस्टँडजवळ शिलाईचं दुकान चालवायची. दोघी एकाच वजनाच्या. रोज एकमेकींना मातीत लोळवायच्या आणि थंडाईच्या पेल्यावरून भांडायच्या.

"तुझा पट काढायला मला डोळे उघडायला पन लागत न्हाईत," केतकी म्हणायची.

"म्हणूनच कायम आभाळाकडं बघत पडलेली असतीस," नफिसा म्हणायची.

कुस्तीत कान चिरडतो. आत रक्त साकळतं आणि कान पुरीसारखा टम्म फुगतो. तसाच सोडला तर घट्ट होऊन कायमचा वाकडा होतो. पैलवान गडी मोडका कान मिरवतात, पण पोरींच्या आया डोळ्याला पदर लावून यायच्या, "आत्या, लग्नात हिनं कुड्या घालायच्या कशात?" म्हणून मालनआत्या वडिलांची रीत चालवायची. सुईनं कानातलं रक्त काढायचं, हळदीचं फडकं ठेवायचं आणि वरून बांबूच्या चिमट्यानं कान दाबून धरायचा. जुन्या काळी एकच काचेची सिरिंज गावभर फिरलेली तिनं पाहिली होती, म्हणून सुई दर वेळी नवी, पाकिटातली. या गोष्टीचा तिला अभिमान होता.

माघात नफिसा आजारी पडली. आधी अन्नावरची वासना उडाली, मग डोळे पिवळे, मग अंग असं पिवळं की हळद लावलेली नवरी फिकी वाटावी. मिरजेच्या दवाखान्यात रक्त तपासलं तर बी प्रकारची कावीळ निघाली. डॉक्टरांनी तालमीतल्या सगळ्या पोरींचं रक्त मागवलं. त्यात आणखी एक सापडली, केतकी. तिचे डोळे जेमतेम पिवळसर होते. त्या दिवशीही सकाळी ती जोर मारून आली होती.

डॉ. पद्मजा उपाध्ये यकृताच्या डॉक्टर. वयानं चाळिशीच्या, बोलणं मऊ. त्यांनी भूपाल, जरिना आणि मालनआत्या या तिघांना समोर बसवलं.

"हा आजार अन्नपाण्यातून येत नाही, रक्तातून येतो," त्या म्हणाल्या. "आत्या, तालमीत सुई कुठं वापरता का?"

"कान फुगला की. पन सुई दर टायमाला नवी. वापरली की मोडून टाकते."

"आणि नंतर कान दाबायला?"

मालनआत्याच्या डोळ्यांपुढं तो उभा राहिला. चिमटा. बांबूचा, वडिलांच्या हातचा. या कानावरून त्या कानावर जाणारा, फडक्यानं पुसला की झालं. दिवाळीनंतर आठवडाभरासाठी बाहेरगावची एक पोर सरावाला आली होती. तिचा कान दाबला, पाठोपाठ या दोघींचा.

"वाळलेल्या रक्तातही हा विषाणू आठवडाभर जिवंत राहतो," डॉक्टर हळूच म्हणाल्या. नंतर त्या पाहुण्या पोरीचंही रक्त तपासलं. विषाणू जन्मापासून तिच्या अंगात होता, आणि तिला स्वतःला त्याची गंधवार्ता नव्हती.

"पन लहानपणी लस देत्यात की," भूपाल म्हणाला. "माझ्या पोरीला समद्या दिल्यात."

"दिल्यात. पण काही थोड्या लोकांचं शरीर त्या लसीचा धडा घेतच नाही. केतकी त्यातली. आणि नफिसा जन्मली ती मोठ्या टाळेबंदीत, तिच्या लसी राहूनच गेल्या."

जरिना मान खाली घालून पदराची शिवण उसवत बसली होती. मालनआत्याला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

"आता ऐका," डॉक्टर म्हणाल्या. "या विषाणूचं सगळं शरीर म्हणजे एक लिखाण. जेमतेम तीन हजार दोनशे अक्षरांचं."

"आमच्या गावच्या लग्नपत्रिकेत त्याच्यापरीस जास्त अक्षरं असत्यात," मालनआत्याच्या तोंडून निघून गेलं, आणि तिनं जीभ चावली. पण डॉक्टर हसल्या.

"पत्रिकाच म्हणा. पूर्वी आम्ही रुग्णाला झोपवून नुसती वाट बघायचो. मोठ्या माणसाला ही कावीळ झाली तर बहुतेक जण आपोआप बरे होतात. काहींच्या अंगात विषाणू जन्मभर घर करतो. आणि अगदी थोड्यांचं यकृत आठवड्यात जळून जातं. कुणाचं काय होणार, ते कळायचं नाही. आता आमच्याकडे एक यंत्र आहे. ते विषाणूची अक्षरं वाचतं, माणसाची वाचतं, आणि दोघांची कुस्ती लाखभर वेळा लावून बघतं."

मग त्यांनी समजावलं. हा विषाणू स्वतः यकृताचं फारसं बिघडवत नाही. बिघडवतं ते आपलंच सैन्य, विषाणू लपलेल्या पेशी शोधून मारताना. प्रत्येक पेशीच्या दारात जणू ताटं मांडलेली असतात. आत काय शिजतंय त्याचा नमुना पेशी त्या ताटांत वाढते आणि गस्तीवरच्या पेशी तो चाखून बघतात. ही ताटं आईबापांकडून मिळतात आणि माणसागणिक त्यांचा आकार वेगळा असतो. एकाच्या ताटात विषाणूचा तुकडा नीट बसतो, गस्त लगेच ओळखते. दुसऱ्याच्या ताटात तो बसतच नाही. हे झालं माणसाचं. विषाणूचंही असंच. साधा विषाणू एक प्रथिन सोडून सैन्याला गुंगीत ठेवतो. या पोरींच्या अंगातल्या विषाणूचं एक अक्षर बदललेलं होतं, त्यामुळं त्याला ते प्रथिन बनवता येत नव्हतं. गुंगी नाही म्हणजे सैन्य एकदम जागं होणार. किती खवळणार, ते ज्याच्या त्याच्या जनुकांवर.

"नफिसा आज जास्त पिवळी दिसते," डॉक्टर म्हणाल्या, "पण तिचं सैन्य बेतानं लढतंय. ती आपली आपण बरी होईल. तिला फक्त विश्रांती. केतकीचं तसं नाही. हाच विषाणू आणि तिची जनुकं, ही जोडी वाईट. यंत्र सांगतंय की चार-सहा दिवसांत तिचं सैन्य यकृतावर तुटून पडेल. आजच दाखल करा."

"करा की मग, औषध द्या," भूपाल म्हणाला.

"विषाणूची वाढ थांबवायच्या गोळ्या देऊच, पण त्या एवढ्या झपाट्यानं काम करत नाहीत. तिच्या सैन्याला काही दिवस बांधून ठेवावं लागेल. त्यात धोका आहे. सैन्य बांधलं की विषाणूला उसंत मिळते. तो कदाचित जन्मभर राहील. आणि यंत्र चुकूही शकतं. दहांतल्या आठ वेळा बरोबर येतं, दोनदा नाही."

भूपाल उठला तो तडक बाहेर, कडुनिंबाखाली. मालनआत्या मागोमाग गेली.

"पिवळीधमक पडली त्या मुलाण्याची, आणि बांधून ठेवायची माझी?" तो कडाडला. "माझी पोर सकाळी जोर मारून आली, आत्या! मिशीन चुकलं तर तिला जन्माचा रोग. पुढच्या आठवड्यात हिची जिल्ह्याची निवड हाय. म्या तिला गावाकडं न्हेतो. बामणोलीत एक बाबा काविळीची माळ घालतो, लोकास्नी गुण येतो."

"भूपाल..."

"तुम्ही तर बोलूच नका. तुमच्याच चिमट्यानं झालं न्हवं हे?"

"व्हय," मालनआत्या म्हणाली. "माझ्याच. त्याची शिक्षा तू सांगशील ती. पन आधी एक ऐक, मग पोरीला कुठं न्हेयाची तिकडं ने."

ती पारावर टेकली. तिच्या थोरल्या भावाचं, आनंदाचं, नाव गेल्या कित्येक वर्षांत तिनं कुणापुढं काढलं नव्हतं.

"आमचा आनंदा. बारा गावच्या मैदानात त्याची पाठ कुणी मातीला लावली न्हाई. त्याला कावीळ झाली. डोळे बघशील तर अशेच, जराजरा पिवळे. आबा म्हनले, एवढा गडी, त्याला काय हुतंय? माळ आणली, डोक्यावर ठिवली. काविळीची माळ वाळंल तशी वाढती. कपाळावरनं गळ्यात आली, गळ्यातनं छातीवर. आम्ही पेढे वाटले रं. कावीळ उतरली म्हणून पेढे! आणि त्यो दिवसा झोपाय लागला. मला आईच्या नावानं हाक मारायचा. शेजाऱ्याच्या म्हशी मोजायचा. माळ बेंबीपातुर आली त्या दिवशी गेला."

भूपाल पाराच्या दुसऱ्या टोकाला टेकला.

"लोक म्हनले, एवढा ताकदीचा कसा गेला? आज त्या बाईनं सांगितलं तवा मला उमगलं. ताकदीचा हुता म्हणूनच गेला असंल. त्याचंच सैन्य त्याला खाऊन बसलं. तवा आम्हाला सांगणारं कुणी न्हवतं, भूपाल. आमी वाट बघितली, कारण दुसरं काय करायचं ते ठाऊकच न्हवतं. तुला सांगणारं कुणी तरी हाय. दहांत दोनदा चुकतंय म्हनं. आमच्या टायमाला दहांतल्या दहाबी अंधारात."

"आणि रोग राहिला तर?"

"राहिला तर पोर असंल न्हवं, त्याच्यासंगं भांडायला."

भूपालनं पागोट्याच्या शेमल्यासारखा गळ्यातला टॉवेल तोंडावर ओढला. मग आत जाऊन त्यानं सही केली.

केतकी मात्र दाखल होताना दवाखाना डोक्यावर घेत होती. "मला काय झालंय? आत्या, सांगा की ह्यास्नी! नफी तिकडं पिवळी पडलीय, तिला सुया टोचा!"

पाचव्या दिवशी तिचं ओरडणं थांबलं. सैन्य बांधायचं औषध सुरू होतं, तरी जे बंधनातून निसटलं होतं त्यानंच यकृताचा मोठा तुकडा जाळला. केतकीनं नर्सला विचारलं, "मॅट ओली कुणी केली?" मालनआत्या काचेपलीकडून पाहत होती. तिला आनंदानं मोजलेल्या म्हशी आठवल्या. ती भिंतीला धरून खाली बसली. तिथं बसल्या बसल्या तिच्या ध्यानात आलं, की औषध नसतं तर हे याच्या दसपट झालं असतं.

हळूहळू आकडे उतरायला लागले. एका सकाळी केतकीनं डोळे उघडून पहिलं वाक्य म्हटलं ते असं, "निवड कोण जिंकलं?" भूपाल खोत, ज्याला गावानं कधी रडताना पाहिलं नव्हतं, तो दवाखान्याच्या जिन्यात हमसून हमसून रडला. जाताना त्यानं डॉक्टरांना वाकून नमस्कार केला आणि मालनआत्याकडे न पाहता तिच्यासाठी टेम्पोचं दार उघडून धरलं.

यंत्रानं सांगितल्याप्रमाणं नफिसा आपली आपण बरी झाली. अंगात विषाणूचा मागमूस उरला नाही. श्रावण आला तरी केतकीच्या रक्तात मात्र तो होता. यकृत पुन्हा भरून आलं होतं, ताकद येत होती, पण पाहुणा घर सोडत नव्हता. तालमीत मातीऐवजी नुसत्या जोर-बैठका. कुणाला खरचटलं तर काय, म्हणून ती कुणाच्या अंगाला हात लावायची नाही. पोरींनी तिला काही म्हटलं नाही, आणि तेच तिला लागत होतं.

डॉ. उपाध्यांनी केतकीला, भूपालला आणि मालनआत्याला बोलावलं. एक नवा उपाय होता. ज्यानं हाच विषाणू हरवलाय आणि ज्याचं एक तरी ताट केतकीच्या ताटासारखं आहे, अशा माणसाच्या गस्तीच्या पेशींनी तो कसा ओळखला, ते वाचून काढायचं. मग केतकीच्याच पेशी बाहेर घेऊन त्यांना ती ओळख शिकवायची. चार दिवस ती त्यांच्या लक्षात राहते, मग त्या विसरतात, त्यामुळं मागच्यासारखा भडका उडायचं भय नाही. थोडं-थोडं करत असं अनेकदा करायचं.

"म्हणजे डाव शिकवायचा," मालनआत्या म्हणाली.

"अगदी तसंच. मात्र त्या माणसाचं बरंच रक्त यंत्रातून फिरवावं लागतं, पुढं दोन आठवडे अंगमेहनत नाही. असा माणूस कोण, ते मी सांगू शकत नाही. ज्याचं त्यानं ठरवायचं."

सांगायची गरजच नव्हती. हाच विषाणू हरवणारी माणसं आसपास होती कितीशी? आणि राज्याच्या संघाची पुण्यातली निवड पुढच्याच आठवड्यात. मुलाण्यांची पोर तिथं जिंकणार, असं गाव धरून चाललं होतं. मालनआत्यानं स्वतःशी ठरवलं, नफिसाकडं शब्द टाकायचा नाही. जिच्या चिमट्यानं तिला आजारी पाडलं, तिनं कुठल्या तोंडानं तिचं रक्त मागायचं? केतकीलाही तिनं बजावलं.

पण केतकीचं तोंड ते. दुसऱ्या दिवशी नफिसानं बैठका मोजताना खोडी काढली, तशी ही उसळली, "माझ्या नादाला लागू नको. तुझं रक्त लागतंय म्हनं मला बरं व्हायला. मरंन पन तुझं घेणार न्हाई!"

नफिसा कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाई. मला अक्कल हाय."

"ते नवीनच कळतंय." नफिसानं मालनआत्याकडं पाहिलं. "आत्या, खरं हाय?"

मालनआत्यानं मान हलवली. "पन तू निवडीला जा, पोरी. निवड पुन्यांदा येत न्हाई."

"वर्साला येती की." नफिसा केसांतली माती झटकत म्हणाली. तिची आई थंडाईचं वाटण घेऊन दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. मालनआत्याला वाटलं, आता जरिना पोरीचा हात धरून घरी नेईल, आणि नेलं तर चूक नाही. जरिना म्हणाली, "माझी पोर आजारी होती तेव्हा हिच्या बापानं रोज टेम्पोतून मला दवाखान्यात पोचवलं. एकदाही पैसे घेतले नाहीत, एकदाही तोंडानं बोलला नाही. नफी, तुझं तू ठरव."

"आबा म्हनायचे," मालनआत्या म्हणाली, "वस्तादानं एक डाव राखून ठेवावा. समदे शिकवू नयेत."

"मी कुठं वस्ताद हाय?" नफिसा म्हणाली. मग केतकीकडं वळली. "आणि तू. फुकट न्हाई हां. तू नसलीस की समोर समद्या चेंगट पोरी उभ्या राहत्यात. लढायला मजा न्हाई. माझा डाव घे, बरी हो, आणि ये समोर."

"बरी झाले तर पुढल्या वर्साला निवडीत तुझ्यापुढं मीच असंन, कळतंय का?" केतकीचे डोळे भरले होते, पण हनुवटी वर होती.

"त्याच्यासाठीच तर."

पुण्याची निवड झाली त्या दिवशी नफिसा मिरजेत खुर्चीवर रेलून बसली होती. दोन्ही हातांना नळ्या होत्या आणि मोबाईलवर ती दुसऱ्याच कुणाची जिंकलेली कुस्ती पाहत चुका काढत होती. मालनआत्या शेजारी बसून तिला लिमलेटच्या गोळ्या भरवत होती. डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं, की यंत्राला ही पत्रिका जुळवता येते ती हजारो रुग्णांनी आपली अक्षरं त्याला दिली म्हणून. त्यातले कितीक जण वाचलेही नाहीत. मालनआत्यानं त्या नावगाव नसलेल्या माणसांना मनातल्या मनात हात जोडले. आपण कुणाचे ऋणी आहोत हे कधी कळणार नाही, तरी ऋण आहेच, असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्यात एक सुख होतं.

पौषात केतकीचं रक्त स्वच्छ आलं. डॉक्टरांनी आणखी दोनदा तपासलं, मगच मातीत उतरायला परवानगी दिली.

त्या दिवशी तालमीत पाय ठेवायला जागा नव्हती. भूपाल कोपऱ्यात नारळ घेऊन उभा होता, जरिना वाटणाचं पातेलं खाली ठेवून भिंतीला टेकली होती. केतकीनं मूठभर माती उचलून कपाळाला लावली. नफिसानं तिच्या खांद्यावर माती टाकली. दोघी वाकल्या, हाताला हात भिडले. केतकी बारीक झाली होती, तिचे दंड अजून भरले नव्हते, हे सगळ्यांना दिसत होतं. "जपून गं," हे शब्द मालनआत्याच्या ओठांवर आले.

तिनं ते गिळले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "लागू द्या!"

नफिसानं एका दमात पट काढला आणि केतकीला आदळलं. अंगाखालची माती भसकन उडाली. मग मातीतून केतकीचा आवाज आला, संतापलेला, तालमीच्या आढ्याला भिडणारा.

"आत्या, ही लबाड हाय! मी अजून उभीच ऱ्हायले न्हवते! परत लावा!"

"परत लावा," मालनआत्या म्हणाली.